पक्क्या घरातला कडबा

भोकर मागं पडलं की रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि किनवटच्या बाजूचा डोंगर अंगावर येतो. मी औसा तालुक्यातली. आमच्याकडं डोंगर म्हणजे बांधावर रचलेल्या दगडांचा ढीग. त्यामुळं सागाचं एवढं दाट रान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकविशीत होते. आणि पाहिलं तेही वनखात्याच्या जीपमधून.

जीप होती एका वनअधिकाऱ्याची. त्यांचा मुलगा नांदेडला आमच्या क्लासमध्ये होता. मी तिथं पेपर तपासायचे. मी भूकंपातली पोरगी आहे, पुनर्वसनाच्या गावात वाढलेय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. अभयारण्यातलं आंध आदिवासींचं एक गाव त्यांना खाली सपाटीला हलवायचं होतं आणि गाव संमतीच्या कागदावर अंगठे देत नव्हतं. "तुम्ही फक्त तुमचा अनुभव सांगा," ते म्हणाले. "पक्कं घर काय असतं ते." मी लगेच हो म्हटलं. माझ्या पिशवीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. पिशवीत गावं हलवण्याविरुद्ध लढणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं होती, तीनशे. 'एक इंचही हलणार नाही.' मजकूर माझाच.

नाक्यावर फाटक उघडलं आणि आत गेलो. खाली कुठंतरी पाणी वाहत होतं, दिसत नव्हतं. सागाची पानं ताटाएवढी. चढावर साहेबांनी जीप थांबवली, सांबराचे खूर दाखवले, आणि त्या क्षणी तो माणूस मला आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला ओल्या मातीतला खूर वाचता येतो त्याला माणसांची वस्ती का वाचता येऊ नये, याचाच मला संताप येत राहिला.

गाव मोहाच्या झाडाखाली जमलं होतं. साहेबांनी मला पुढं केलं. "ही ताई तुमच्यासारखीच. हिचं गाव हलवलं, म्हणून काही बिघडलं का? शिकली, नांदेडला मास्तरीण झाली."

पुढंच एक म्हातारी बसली होती. "घरं कशी दिली गं माय?"

"पक्की. सिमेंटची."

साहेब हसले. म्हातारीनं विचारलं, "आन् ऱ्हातं कोण त्यात?"

"कडबा."

हे खोटं नव्हतं. भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद बसलं, त्याखाली चुलता गेला. त्यानंतर डोक्यावर जड छत घेऊन झोपायला आमची आई तयार नव्हती. सरकारनं ओळीत घरं बांधून दिली. जास्त जमीन त्याला मोठं घर, कमी जमीन त्याला लहान, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी चार गल्ल्या लांब फेकले गेले. आईनं अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं. चूल तिथं, अंथरुणं तिथं. पक्क्या खोल्यांत कडबा रचला. आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांत हेच. पाहुणे यायचे तर आधी कडबा हलवावा लागायचा. हे मी सगळं सांगितलं.

"मंग सायेब," म्हातारी म्हणाली, "आमी बी म्हशीला इचारून सांगतो. ऱ्हायाचं तर तिलाच हाय."

सगळे हसले. मी पत्रकं वाटायला काढली. साहेबांचा चेहरा पडला आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठी असेल, पोरगी कडेला उभी. "तुमाला हसाया काय जातंय? माझी पोरगी चौथी झाली. म्होरची शाळा नाल्याच्या पलीकडं. पावसाळ्यात नाला उतरू देत न्हाई. मी देनार अंगठा. ताई, तुमी बी पत्र्यात बसूनच शिकलाव ना?"

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. नाला, शाळा, पोरगी, यांतलं काहीच मी लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्याआधी मी इथं आलेच नव्हते. नांदेडला खोलीत बसून मी या गावाच्या वतीनं गरजले होते.

"शिकले," मी म्हणाले. "लातूरला क्लासच्या हॉलमध्ये दोनशे पोरांत बसून शिकले. पण शाळा आमच्या गावात भूकंपाच्या आधीपासून होती. शाळा पाहिजे म्हणून कुणी आमचं घर मागितलं नव्हतं." मग साहेबांकडं वळले. "नाल्यावर पूल का नाही?"

"अभयारण्य आहे. बांधकामाला परवानगी मिळत नाही."

"मग येताना आपण चहा प्यालो ते फरशीचं विश्रामगृह काय रानात उगवलंय?"

"ते वेगळं."

मी पत्रक उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: आधी नाल्यावर पूल, गावात पाचवीपासून शाळा, तोवर संमती मागायला येऊ नये. त्या बाईला वाचून दाखवलं.

"आन् नाही झालं तर?"

"तर तुम्ही घर घ्या. मी आडवी येणार नाही."

तिनं पेन घेतलं. अंगठा नाही, सही केली, सावकाश, जोडाक्षरासकट. तिच्यामागं म्हातारीनं अंगठा दिला, मग बाकीच्यांनी. साहेब म्हणाले, "हे आमच्या नमुन्यात बसत नाही." बाई म्हणाली, "तुमच्या नमुन्यात माझी पोरगी बी बसत न्हाई."

परत येताना जीपमध्ये मला जागा नव्हती. नाक्यापर्यंत चालत आले.

कागद वनखात्याच्या कचेरीत दिला, पोच घेतली. पूल झालेला नाही. गावही हललेलं नाही. त्या बाईनं पावसाळ्याआधीच पोरीला भोकरला मामाकडं ठेवलं. सणालाच तेवढी घरी येते. आईनं पुलासाठी थांबायला हवं होतं असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण दहा वर्षांच्या पोरीला शाळेसाठी आईपासून तोडतात आणि त्याला रानाचं रक्षण म्हणतात, हे मी ऐकून घेणार नाही. नव्या पत्रकात पहिली ओळ नाल्याची आहे. आणि यावेळी छापायच्या आधी मी ते वर नेऊन त्या बाईला वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं खोडली.