नाकतोड्यांनी चवळी खाल्ली, टोमॅटो सोडले

मित्रहो, आज सकाळी पडेगावात आमच्या अंगणातून नाकतोड्यांची पंगत उठली. या दुष्काळात बायकोनं भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवलेल्या चवळीची त्यांनी चाळणी केली. चवळीशेजारच्या उग्र वासाच्या टोमॅटोला मात्र तोंडही लावलं नाही.

मी फवारणीला निघालो, तर शेळ्या घेऊन चाललेल्या गयाबाई कुंपणाशी थांबल्या.

"सर, कडंची हरळी कुठंय?"

"कालच उपटली. तण होतं."

"म्हंजी नाकतोड्यांचं ताट उचललं व्हय! भवतालच्या रानात प्लॉट पडले, आता त्यांनी खावं काय?"

देवाला दूर्वा म्हणून रोज वाहतो, तीच हरळी मी तण ठरवली होती. चवळीचे शेंडे शाबूत आहेत, ती पुन्हा फुटेल. फवारणीचा पंप खाली ठेवला आणि उपटलेली हरळी परत कुंपणाशी लावली.

बायको विचारतेय, "भाजीचं पाणी आता आधी चवळीला की हरळीला?" मी हरळी म्हणालो. तुमचं मत?