आखाडातलं आभाराचं जेवण

शिरोली एमआयडीसीला लागून असलेल्या आमच्या गावात माझे थोरले दीर ग्रामपंचायतीला निवडून आले, ते फाउंड्रीत काम करणाऱ्या बिहारी लोकांच्या मतांवर. हे ते स्वतःच सगळीकडे सांगत सुटले होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडं निवडून आलं की गुलाल आणि गुलालानंतर मटण. आभार मानायची दुसरी रीत घरात कुणाला ठाऊकच नव्हती. त्यात आखाड चाललेला. श्रावण लागायच्या आत सगळं गाव मटणावर तुटून पडतं.

दिरांनी त्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. आम्ही जावाजावांनी सकाळपासून तांबडा-पांढरा रस्सा रांधला. माणसं इस्त्रीचे शर्ट घालून, केस विंचरून आली. अंगणात पंगत बसली, ताटं वाढली, आणि एकानंही घास उचलला नाही.

दिरांच्या कार्यकर्त्यांची कुजबुज लगेच सुरू झाली. आपलं मीठ खायला नको वाटतंय, म्हणजे मतंसुद्धा पलीकडंच टाकली असणार. कोल्हापुरात वाढलेल्या मटणाला नाही म्हणणं म्हणजे भांडणच काढणं. दिरांचा चेहरा पडला. ही माणसं आपली की परकी, याचा त्यांना घोरच लागला.

शेवटी पंगतीतल्या वयस्कर मिस्त्रींनी हात जोडून सांगितलं, त्यांचा श्रावण लागलाय. तिकडं पौर्णिमा झाली की श्रावण सुरू होतो. आमचा लागतो अमावस्येनंतर, आणि ती अजून व्हायची होती. मला आमच्याच घराचा राग आला. बोकड कुठला घ्यायचा यावर दोन दिवस खल झाला, आणि खाणाऱ्यांना एका शब्दानं विचारायचं कुणाला सुचलं नाही. मी आत जाऊन वरणभात चढवला.

बाहेर दीर विचारत होते, "मग मिस्त्री, आधी सांगायचं न्हाय व्हय? आलासा तरी कशाला?"

मिस्त्री एव्हाना आमच्यासारखंच बोलायचे. "अण्णा, इतकी वर्सं हितं हाय. जेवाय या म्हणून कुनी बोलवलंच न्हवतं. न्हाय कसं म्हनायचं?"

त्यांचा फाउंड्रीला जायचा रस्ता रोज आमच्याच दारावरून होता. वरण उकळल्यावर मी बादली बाहेर आणली, तर घरात कधी पाण्याचा तांब्याही न उचललेल्या दिरांनी ती माझ्या हातातून घेतली आणि ते पंगतीत वाढायला वाकले. आभाराचं भाषण पाठ करून ठेवलं होतं, ते राहूनच गेलं.