तोडगा कुठे लावायचा?

किस्से जमवावे लागत नाहीत. शेणव्याला भाताच्या गिरणीवरच्या खोलीत आमचं ऑफिस आहे. कीबोर्डात कोंडा साचतो, तसे ते आपोआप साचतात. फरक एवढाच, की कोंडा झटकता येतो!

आधी काम सांगतो. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपला हुकूम देणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. आमचा ड्रायव्हर जुन्या कॉम्प्युटरांसाठी, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला. काही चिपा जन्मतःच एखादी खोड घेऊन येतात. चिप बदलता येत नाही, म्हणून कोडमध्ये तोडगा लिहायचा. पण नेमका कुठे? हेच कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

ते वंदनानं अंगावर घेतलं. ती मुरबाडकडच्या एका पाड्यावरची. घरी तिनं शिमग्यापर्यंतची मुदत मागितली होती. तिचं लिखाण ड्रायव्हरमध्ये स्वीकारलं गेलं तर ठीक, नाहीतर एमआयडीसीत पॅकिंगला जायचं. मी परदेशात शिकून, इथे काहीतरी उभं करायचं म्हणून परत आलेलो. खरं सांगतो, शिकलो तिच्याकडून.

*

आमच्यातल्या आटगावच्या मंगेशनं एका चिपच्या खोडीमुळे पडद्यावर उमटणारे पट्टे घालवले. पेढे वाटले! जेवून येईपर्यंत कॉम्प्युटर झोपी गेला. उठवला, तर पट्टे हजर.

"चिपच खोटारडी हाय!" मंगेश चिडला.

वंदना म्हणाली, "चिपला कशाला बोलतोस? झोपली की ती सगळं विसरते. तू तोडगा फक्त कॉम्प्युटर सुरू होतो त्या जागी लिवलास. आंघोळीच्या आधी गंध लावलास रे, मग पुसणारच ना!"

तिच्या लिखाणातला पहिला नियम त्या दिवशी ठरला: चिप जे विसरते, ते दर वेळी उठताना पुन्हा सांगायचं.

*

कोडमध्ये एक जुनी ओळ होती. शेजारी फक्त "हात लावू नये" अशी टीप. कुणी लिहिली, का लिहिली, पत्ता नाही. मी पदवीच्या जोरावर निकाल दिला, "निरर्थक आहे. काढून टाका."

वंदना म्हणाली, "दादा, शेंदूर फासलेला दगड हलवताना पण आमी चौकशी करतो."

चार दिवस ती ओळ काढून एकेक कॉम्प्युटर तपासत बसली. सगळे चालले. सर्वांत जुन्याचा पडदा मात्र काळाठिक्कर! तिनं ओळीशेजारी लिहिलं: कोणत्या चिपसाठी, कोणती खोड, आणि ओळ कधी काढता येईल.

"आता कोण पाया पडणार नाय," ती म्हणाली. "वाचतील."

*

लिखाण तपासणारे गृहस्थ हजारो मैलांवर. उत्तर आलं: चौदा चुका, एकेक क्रमांक घालून! मंगेशनं कपाळाला हात लावला. मी तिला धीर द्यायला शब्द शोधत होतो.

वंदना खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होती. "चौदा! म्हणजे शेवटपर्यंत वाचलंय की रे त्यांनी!"

चौदाही दुरुस्त करून तिनं परत पाठवलं, आणि खाली विचारलं, पंधरावी राहिली का?

*

होळीच्या दोन दिवस आधी त्यांचं उत्तर आलं. एकच शब्द: स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे बाबा हजर. हातात एमआयडीसीचा फॉर्म, सगळा भरलेला, फक्त तिची सही बाकी.

वंदनानं पडदा त्यांच्याकडे वळवला. "बाबा, बघा. तोडगा कुठं लावायचा ते मी लिवलेलं, ते घेतलं त्यांनी."

"विंग्रजी हाय. यात तुझं नाव कुठं?"

तिनं बोट ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"आणि हे वाचणार कोण गो?"

"ज्याचा पडदा काळा पडंल तो. कुठल्या पण देशातला."

बाबा टेबलावर हात टेकून उठायला गेले, तर टेबल डुगडुगलं. एक पाय आखूड. त्यांनी वाकून पाहिलं, हातातल्या फॉर्मची घडी घातली, मग आणखी एक, आणि ती त्या पायाखाली सरकवली. टेबल हलवून बघितलं. घट्ट!

मग टोपी सारखी करत लेकीला म्हणाले, "हे पण लिवून ठेव. कुठं लावलं ते."