दाण्याले कार्ड नसते

पॅनमन काकाजी साखर कधी चाखून पाहत नसत. चिमूटभर तळहातावर घेत, उन्हाकडे धरत आणि दाणा कुठल्या मुलखातला ते सांगत. बोरी अरबच्या बाजारात ही एक करमणूक होती. किराणावाले नवं पोतं उघडलं की त्यांना मुद्दाम हाक मारत. "हे नगरकडची. शिजवणाऱ्याले घाई होती," असं काहीतरी ते म्हणत. लोक हसत आणि विश्वासही ठेवत.

कारखान्यात उसाचा पाक शिजवून दाणा पाडणाऱ्या कामगाराला पॅनमन म्हणतात. त्यांचा कारखाना बंद पडला, नाव तेवढं राहिलं. साखरेची बातमी असली की मी त्यांना फोन करी. ते आधी माझा आदला मजकूर दुरुस्त करत. 'साखरटंचाई' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. "दुकानात थप्प्या लागल्या हायेत भाऊ. टंचाई रेशनमंधी हाय. तसं लिहा." अंत्योदय कार्डावरची किलोभर साखर त्यांच्या गल्लीत कित्येक महिने कोणी पाहिली नव्हती. त्यांचं स्वतःचं कार्डही तेच होतं.

एकदा लोहाऱ्याजवळ साखरेचा ट्रक पकडला गेला. रेशनची साखर साध्या पोत्यांत भरून बाहेर चालली आहे, असा संशय होता. पुरवठा निरीक्षकाने काकाजींना बोलावलं. गल्लीतल्या बायकाही काळीपिवळीने आल्या. साखर रेशनचीच आहे, असं सांगून पंचनाम्यावर सही करायची होती. काकाजींनी तीन पोती पाहिली आणि नकार दिला. दाणा तोच आहे, पण कारखाना हाच दाणा व्यापाऱ्यालाही विकतो, असं त्यांचं म्हणणं.

शेजारच्या शांताबाई चिडल्या. "बाजारात तं बसल्या जागी मुलूख सांगता भाऊजी. आज काहून वाचा गेली?"

"बाजारात मौज असते. इथं माणूस आत जाते. दाण्याले कार्ड नसते, बाई."

रिकामी सरकारी पोती शोधा, असं त्यांनी निरीक्षकाला सांगितलं. कोणी शोधली नाहीत. ट्रक सुटला. माझी बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली आणि मला काकाजींचा राग आला.

मग त्यांनी वाटपाची नोंद मागवली. नोंदीप्रमाणे गल्लीतल्या प्रत्येक कार्डावर दरमहा साखर दिली गेली होती. गहू-तांदळासाठी मशीनवर अंगठा घेतला की दुकानदार साखरही त्यातच दाखवत होता. पावती कोणी मागत नव्हतं. यादीत काकाजींचंही नाव होतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"तिथं सही नाही केली," ते म्हणाले, "अन् इथं महिन्याच्या महिन्याले करून राह्यलो."

साखर काट्यावर दिसल्याशिवाय अंगठा लावायचा नाही, असं त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. पुढच्या वाटपाला सगळ्या बायका त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. दुकानदाराने गहू-तांदूळही अडवला. दोन दिवसांनी शांताबाई दुकानात परत गेल्या. "तुमचं खरं हाय भाऊजी, पण पोराइले भात लागते," असं त्यांना सांगूनच गेल्या. मग बाकीच्याही गेल्या. काकाजी मात्र दर महिन्याला रांगेत उभे राहत, साखर विचारत आणि रिकामी पिशवी घेऊन परत येत. घरात धान्य विकतचं येऊ लागलं. काकू माझ्यावरही रागावल्या होत्या, ते बरोबरच होतं. मी तीन बातम्या दिल्या. चौकशी सुरू आहे, हे उत्तर तिन्ही वेळा मिळालं.

यंदा त्यांचं कार्ड बंद झालं. आम्ही दोघं तहसीलला गेलो. कारकुनाने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. सलग काही महिने धान्य उचललं नाही, सबब लाभार्थ्यास गरज नाही, असा शेरा होता. हे कोणी ठरवलं, काकाजींनी विचारलं. कोणीच नाही, ते आपोआप होतं, कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता.

त्याच आठवड्यात काकाजी आणि काकू मुलीकडे अमरावतीला कायमचे राहायला गेले. तहसीलच्या पायऱ्या उतरताना ते जे बोलले, ते मी कोणत्याही बातमीत वापरलं नाही.

"त्यावर कोनाचीच सही नाही, भाऊ. भांडू तं कोनासंग भांडू?"