चहाच्या पाकिटांचा मोर

आमच्या घरी चहाचं पाकीट संपलं की ते कचऱ्यात जात नाही. ते उभं कापायचं, भुकटी झटकायची, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि चिमटा लावून दोरीवर टाकायचं. शेजारी साबणाचे आणि मसाल्याचे पुडे. माझा बनियन वाळायला जागा उरली तर उरली.

हे सगळं सुरू झालं ते बायकोनं मोबाइलवर कागदाच्या घड्यांचा एक व्हिडिओ पाहिला तेव्हापासून. त्यातली बाई जपानी बोलायची. आमची तिच्याशी वऱ्हाडीत बोलायची, "हळू घे ना वं बाई, बोट कुठी घातलं ते त दिसू दे!" ती बाई काही हळू घेत नसे. मग हीच पुन्हा पुन्हा मागं जाऊन बघे. शेवटी जमलं. लहान तुकडा दुमडत दुमडत त्याचा त्रिकोण करायचा. त्रिकोणाला दोन टोकं आणि दोन खिसे. एकाची टोकं दुसऱ्याच्या खिशात सरकवत गेलं की भिंत चढावी तशी वस्तू चढत जाते. गोंद नाही, दोरा नाही.

पण पाकिटाचा कागद हट्टी असतो, दुमडला तरी पुन्हा उघडायला बघतो. त्यावर तिनं उपाय काढला. सगळे त्रिकोण माझ्या गादीखाली. माझ्या वजनाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. सकाळी ती घड्या तपासून म्हणायची, "आज चांगल्या बसल्या. रात्री वांग्याची भाजी जास्त झालती वाटते तुम्हाले."

अशात मुलीचं लग्न घाटंजीला ठरलं. लग्न म्हणजे रुखवत आलं. मुलीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या आणि मुलाकडच्या बायकांनी त्या डोळ्यांत तेल घालून बघायच्या. बायकोनं जाहीर केलं, "मी मोर करणार. पाकिटाइचा."

"घाटंजीवाले काय म्हणतील? पोरीसंगं कचराही धाडला?"

ती म्हणाली, "छापील बाजू आत दुमडीन. वरून चांदीच दिसंल. पण माह्या पोरीच्या रुखवतात माह्या हातचं काही असंल, त ते हेच."

आणि मोर उभा राहिला. मान अशी वळलेली, की आता हाक मारली तर बघेल. पिसारा असा, की आमच्या पुसदच्या बाजारात विकत मिळाला नसता. मी त्याच्याभोवती फिरून आलो आणि विचारलं, "यातले माझ्या गादीखालचे कोणते?" ती म्हणाली, "सारेच."

लग्न ऐन मे महिन्यात, पुसदच्या हॉलमध्ये. आमच्याकडं उन्हाळ्यात एखाद्याला मान द्यायचा तर त्याला कूलरसमोर बसवतात. मी मोराला मान दिला. रुखवताचं टेबल ओढून थेट मोठ्या कूलरसमोर लावलं, आणि विहीणबाई येताना दिसल्या तसा कूलर फुल केला.

आधी पिसारा थरथरला. मी म्हटलं, वा, जिवंत वाटतोय. मग एक ओळ सुटली, मग दुसरी, आणि बघता बघता मोराची शेपटी पाहुण्यांच्या पायांत पसरली. विहीणबाईंनी वाकून एक त्रिकोण उचलला. तो त्यांच्या हातात उघडला. आत लाल अक्षरं.

"अवं माय! हे त चहाचं पाकीट हाये!"

हॉलमधल्या बायका टेबलाकडं सरकल्या. मी पुढं झालो, "त्याचं काय झालं विहीणबाई, की दुकानदारानं..."

"व्हय, चहाचं हाये," बायको मध्येच म्हणाली. तिची मान त्या मोरासारखीच वर होती. "साबणाचं हाये, मसाल्याचं हाये. सारं आमच्याच घरचं. मी जमवलं, मी दुमडलं."

विहीणबाईंनी तो तुकडा पुन्हा दुमडून पाहिला. जमेना. "गोंद कोणता लावला?"

"गोंद नाही लावला."

"मंग उभा कसा होता?"

"कूलर लागेपर्यंत मस्त उभा होता," असं म्हणून बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

विहीणबाई खो-खो हसल्या आणि पैठणीसकट खाली सतरंजीवर बसल्या. "दाखवा मले. कसं अडकवता?"

मी कूलर बंद केला. मग त्या गरमीत दोन्हीकडच्या बायका घाम पुसत शेपटी जोडत होत्या आणि गुरुजी मुहूर्ताच्या नावानं ओरडत होते. बायको एकेकीचा अंगठा धरून घडी शिकवत होती, त्या जपानी बाईपेक्षा कितीतरी हळू. विहीणबाईंची ओळ उलटी झाली, छापील बाजू बाहेर. बायको ती काढायला गेली, तर त्यांनी हात धरला.

"राहू द्या. कोण्या घरचा मोर हाये, कळू द्या की लोकाइले."

तो मोर आता घाटंजीच्या बैठकीत आहे. चांदीच्या पिसाऱ्यात एक लाल-पिवळी ओळ, आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात उठून दिसते. मी गेलो की व्याही अजूनही मला कूलरसमोर खुर्ची देतात. फक्त कूलर लावायच्या आधी विहीणबाई मोर उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवतात.