चार दिवसांचा खाडा

दार वाजवण्याआधी पारास्केवा नेहमी छातीवर क्रूसाची खूण करायची. एकतीस वर्षं प्रूत नदीकाठच्या त्या एकाच गावात नर्स म्हणून काम केलं, पण ही सवय काही सुटली नाही. दारामागे काय असेल ते देवाला ठाऊक, आपण नुसतं जायचं, असं तिचं साधं गणित होतं.

त्या शुक्रवारी दार तुदोसेच्या आईनं, म्हणजे आगाफियानं उघडलं.

"नाही म्हणतोय," ती दबल्या आवाजात म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून पडलाय."

"आजही?"

"आजही. बॅग भरलीय. उद्याच्या बसनं मॉस्कोला जातो म्हणतो."

म्हणजे चार दिवसांचा खाडा झाला.

तुदोसे गवंडी होता, एक्केचाळीस वर्षांचा. तिकडे परक्या शहरात इमारती बांधायला गेला, एका खोलीत बाराजण दाटीवाटीनं झोपायचे. तिथून तो क्षय घेऊन घरी आला. गावातून तिकडे गेलेल्यांपैकी असा आजार आणणारा तो पाचवा. सहा महिन्यांचं औषध. त्यातले चार महिने पारास्केवानं रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहून गोळ्या गिळवल्या होत्या. थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. आता त्याच्यापासून कुणालाच धोका नव्हता. पण औषध मध्येच सोडलं की रोग फिरून येतो, आणि मग याच गोळ्या त्याला पुरत नाहीत. असे दोघेजण पारास्केवानं स्वतः मातीत पोचवले होते.

खोलीत कोंदट वास होता. आगाफियानं खिडकीच्या फटीत पुन्हा चिंध्या कोंबल्या होत्या.

"आगाफिया, अगं किती वेळा सांगू? आजार हवेतून जातो, भांड्यातून नाही. ताट-वाटी वेगळी ठेवतेस आणि खिडकी मात्र बंद!"

"वारा लागला तर? माझा भाऊ वाऱ्यानंच गेला."

"तुझा भाऊ दारूनं गेला."

"दारू पिऊन वाऱ्यात बसला म्हणून गेला," आगाफिया ठामपणे म्हणाली.

भिंतीकडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. पारास्केवा खाटेच्या कडेवर बसली.

"तुदोसे, बाळा, झालं काय?"

तो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "मावशी, गोळ्या कुणासाठी घेऊ? सोमवारी तुम्ही कबरस्तानात होतातच की."

ती होती. ईस्टरनंतरच्या त्या सोमवारी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर जेवण मांडतं. तुदोसेचा काका निकिफोर वाइनची सुरई घेऊन उभा होता. गावच्या रीतीनं पेला सगळ्यांना एकच. यजमान ओततो, आधी स्वतः पितो, मग तोच पेला भरून एकेकाच्या हातात देतो. तो हातोहात फिरत आला, आणि तुदोसेपाशी येताच निकिफोरनं खिशातून प्लास्टिकचा कप काढला. कुणी काही बोललं नाही. तुदोसेनं कप बापाच्या कबरीवर ठेवला आणि निघून गेला. तेव्हा पारास्केवाच्या मनात आलं होतं, राहू दे, होईल सवय. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिथून उठून ती तडक निकिफोरकडे गेली.

"या बाई! कुणाला सुई टोचायला आलात?" निकिफोर अंगणातूनच ओरडला.

"तुला. जिभेला."

"मी काय केलं?"

"कप."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "माझं काही नाही हो. ही झेनोविया घाबरते."

"माझ्यावर ढकलू नका!" आतून त्याची बायको ओरडली. "कप कुणी विकत आणले? पन्नासचं पाकीट!"

पारास्केवाला हसू आलं, पण ती हसली नाही. "निकिफोर, मी चार महिने रोज त्याच्या तोंडासमोर उभी राहते. जीभ वर कर, खाली कर, गोळी गेली का बघते. मला काय झालं?"

"तुम्ही नर्स. तुम्हाला सवय असेल."

"बरं, दुसरं विचारते. रविवारी चर्चमध्ये आपण सगळे एकाच चमच्यानं प्रसाद घेतो ना?"

"तो प्रसाद आहे. त्यातून कुणाला काही होत नाही."

"मग तुदोसे रांगेत कुठे असतो, पाहिलंस कधी?"

निकिफोरनं नकारार्थी मान हलवली.

"सगळ्यांच्या मागे. तान्ही पोरं, म्हाताऱ्या, सगळ्यांचं झाल्यावर. त्याला कुणी सांगितलेलं नाही. आपल्यामागून येणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून तो आपणहून थांबतो. आता तर तेही सोडून चाललाय. उद्या बसमध्ये बसेल, आणि हिवाळ्याच्या आत आगाफियाला निरोप येईल."

निकिफोर बाकावर बसला. टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला. तुदोसेच्या बापानं, म्हणजे त्याच्या मोठ्या भावानं, मरताना पोराला त्याच्या हाती दिलं होतं. ते पारास्केवानं बोलून दाखवलं नाही. न बोलताही त्याला आठवलं असावं.

"जाऊन माफी मागू? मला ते नीट जमत नाही."

"तुझं तू बघ," ती म्हणाली आणि घरी गेली. त्या संध्याकाळी तिनं देवमातेपुढची वात जरा मोठी केली.

दुसऱ्या दिवशी बसच्या वेळेआधीच ती निघाली. आगाफियाच्या दाराला कडी होती. ती बसथांब्याकडे वळली. तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून निकिफोरचं ओरडणं ऐकू आलं.

"अरे हळू! घर पाडतोस का काय!"

निकिफोरच्या घरात घर तापवणारी विटांची चूल अर्धी उचकटून पडली होती. तुदोसे काजळीनं काळा झाला होता. पहाटेच काका त्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता. माफी वगैरे काही नाही. म्हणाला, चूल तीन वर्षं घरात धूर सोडतेय, गावात दुसऱ्या कुणाला कळत नाही, तू आत येऊन बघ.

"बघायला आलो, तर धुराडंच उलटं बांधलंय, मावशी," तुदोसे रागानं म्हणाला. "कोणत्या गाढवानं बांधलं?"

"मी," निकिफोर म्हणाला.

झेनोवियानं चिखलाच्या पावलांवरून दोघांनाही शिव्या घातल्या, आणि त्याच दमात मामालिगाची परात टेबलावर आदळली. मक्याचा पिवळा गोळा, वर मेंढीचं चीज. "हात धुवा दोघं. तुदोसे, तू आत बस, अंगणात नको."

हात धुऊन आल्यावर तुदोसे उंबऱ्यापाशी क्षणभर घुटमळला, मग आत गेला.

पारास्केवानं गोळ्या तळहातावर दिल्या. त्यानं गिळल्या, सवयीनं जीभ वर केली.

"अजून किती दिवस, मावशी?"

"सत्तावन्न. खाड्याचे चार धरून एकसष्ट."

"चुलीला एवढे लागणार नाहीत. दहा दिवसांत होईल."

"होऊ दे," निकिफोर घास चावत म्हणाला. "मग मी तळघराची भिंत पाडतो."