शेरा: भागाकार अप्रगत

शनिवारी विद्यापीठात माझ्या प्रबंधाचा विषय मंजूर व्हायचा होता... आणि मी समितीतल्या तिन्ही सरांना भागाकारात नापास करून आले. कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐका.

मी साकोली तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात एम.ए. करतेय, विषय शैक्षणिक मापन आणि संख्याशास्त्र. सोप्या भाषेत, परीक्षेचीच परीक्षा घ्यायची. पेपरातला प्रश्न खरंच मुलाचं गणित तपासतो की भलतंच काही, हे आकड्यांवरून शोधायचं.

आमच्या शाळेत धान लावणाऱ्या घरांतली मुलं येतात, आणि तलावाकाठच्या ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, मोहल्ल्यातलीही. यंदा मोहल्ल्यातल्या चौथीच्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे एकच शेरा आला... 'भागाकार: अप्रगत'. हा शेरा लागला की खेळाच्या तासाला जादा वर्ग. बाकीची पोरं मैदानात, आणि ही आत बसून पुन्हा दोनचा पाढा. वर्गात गणितात सगळ्यात पुढे असलेली मुलगीसुद्धा त्यातच!

मला काही ते पटेना. पेपरात भागाकाराला एकच प्रश्न होता. चार मित्रांनी जाळे टाकून वीस मासे पकडले आणि सारखे वाटून घेतले, प्रत्येकाला किती मिळाले? शेतकऱ्यांच्या मुलांनी लिहिलं पाच. मोहल्ल्यातल्या मुलांनी लिहिलं चार. सगळ्यांनी चार!

आता बघा, ज्यांना येत नाही ती मुलं वेगवेगळी चुकतात. कुणी सहा लिहितं, कुणी वीसच उतरवतं, कुणी कोरं सोडतं. सगळीच्या सगळी एकाच उत्तरावर चुकली, तर त्यांना काहीतरी पक्कं येतंय. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. पण खरं सांगू? मला ते आकडेमोड करायच्या आधीच कळलं होतं. मीही ढिवराचीच पोरगी आहे, बाबा अजून पवनीला वैनगंगेत जाळं टाकतात.

म्हणून हाच विषय घेतला. मुलं चुकली की प्रश्न चुकला?

समितीपुढे माझी स्लाइड लागली आणि अध्यक्ष सरांनी चहा संपायच्या आत निकाल दिला. "मॅडम, हा प्रश्न काढून टाका. आकड्यांचं टेबल स्वच्छ दिसेल." दुसरे सर भंडाऱ्याकडचेच. ते म्हणाले, "पोरायले भागाकार येत नाही, एवढीच गोष्ट हाय. एवढा पसारा कायले?" तिसऱ्यांनी नुसती मान हलवली. प्रश्न काढा, नाहीतर विषय बदला... आणि विषय बदलायचा म्हणजे माझं अख्खं वर्ष पाण्यात.

माझं डोकंच सटकलं. गाईड मॅडम डोळ्यांनी 'शांत राहा' म्हणत होत्या. नाही राहिले.

म्हटलं, सर, एक छोटा प्रश्न विचारू का? आणि फळ्यावर लिहिलं, 'तिघांनी एक जाळं टाकून सोळा मासे धरले. सारखी वाटणी केली. एकही मासा उरला नाही. प्रत्येक माणसाला किती?'

अध्यक्ष सर हसले. "सोळाला तीनने भाग जात नाही. प्रश्नच चुकलाय तुमचा."

"काहून जात नाही सर? माझ्या बाबांचा रोज जाते." रागात असले की माझ्या तोंडून घरचीच बोली निघते...

मग सांगितलं. आमच्याकडे वाटणीला बसलं की माणसांचे ढीग लागतात आणि जाळ्याचाही एक ढीग लागतो. जाळं फाटतं, त्याला दोरा लागतो, ते शिवायला कुणाचा तरी दिवस जातो... म्हणून जाळ्याचा वाटा. तीन माणसं आणि एक जाळं, चार ढीग. प्रत्येकाला चार मासे. आणि चार मित्रांचे वीस मासे असतील तर पाच ढीग, तरी प्रत्येकाला चारच. आमच्या लेकरांनी अचूक भागाकार केला होता. फक्त जाळ्याला उपाशी ठेवलं नव्हतं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी खडू उचलला आणि तिन्ही सरांची नावं लिहून प्रत्येकापुढे शेरा मारला... 'भागाकार: अप्रगत'.

मॅडमना खोकला आला, म्हणजे त्यांनी तो आणला. भंडाऱ्याचे सर फळ्याकडे बघत हळूच म्हणाले, "आमच्या गावात बी अशीच वाटणी करत होते बहुतेक..." अध्यक्ष सरांनी फाईल ओढून सही केली. "प्रश्न राहू द्या. भाषा जरा सांभाळा." भाषेचं बघू सर, सही महत्त्वाची.

जिंकले म्हणून नाचतच शाळेत गेले, तर आमचे हेडसर म्हणतात की वरून ऑनलाइन आलेला शेरा आपल्याला बदलता येत नाही. चूक सिद्ध झाली तरी? तरीही. पुढच्या परीक्षेपर्यंत लेकरं अप्रगतच.

ठीक आहे. मला बाबांनी शाळा शिकवली आणि कुणाचं मुकाट ऐकून घ्यायला कधी शिकवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आज जाहीर आभार मानते. सोमवारपासून मोहल्ल्यातलं एकही मूल मी जादा वर्गात पाठवलेलं नाही. खेळाच्या तासाला ती मैदानात असतात. कुणाला वर तक्रार करायची असेल तर खुशाल करा... पत्ता शाळेचाच आहे, आणि माझे आकडे तयार आहेत.